तिकडं सेट्टु, इकडं मद्राशी

तीन आठवडे झाले, एक कागद माझ्या पर्समध्ये घडी होऊन फिरतोय. समुपदेशनाचा डिप्लोमा करतीय मी, दर रविवारी वर्ग असतात, आणि पहिल्याच सत्रात मॅडमनी हा कागद हातात दिला. चार चौकोन आहेत त्याच्यावर. माझी मूल्यं, माझी सांस्कृतिक पार्श्वभूमी, माझी बलस्थानं, माझ्या मर्यादा. प्रत्येकात दीडशे शब्द. मला वाटलं हे काय, अर्ध्या तासात होईल, पोरांचे निबंध तपासून तपासून दीडशे शब्दांची मला एवढी सवय झालीय की झोपेत पण लिहीन. पण नाही झालं. भाजी घेताना तो कागद बाहेर पडतो, परत आत जातो, त्याला आता कोथिंबिरीचा वास यायला लागलाय.

पहिल्यांदा बसले तेव्हा सांस्कृतिक पार्श्वभूमीत लिहिलं, मूळ गाव विट्याजवळ, शेतकरी कुटुंब. आणि थांबले. कारण आमच्या घरात शेती केली कुणी? आज्जीनं केली तेवढीच. खानापूर तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा, टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं ते फार नंतर, त्याच्या आधी पावसावर जोंधळा यायचा नाहीतर यायचा नाही. बाहात्तरच्या दुष्काळानंतर आण्णांचे, म्हणजे माझ्या वडलांचे, मामा गाव सोडून गेले आणि दोन-तीन वर्षांनी चौदा वर्षांच्या आण्णांना बोलावून घेतलं. गलाईच्या कामाला. सांगली जिल्ह्याबाहेरच्यांना हे सांगावं लागतं, विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत, केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्यावर जा, एखाद्या बोळात भट्टीपुढं आमच्याकडचा माणूस बसलेला असतोच. आमचे आण्णा कोइम्बतूरला. मी तिथंच जन्मले, आणि आठ वर्षांची होईपर्यंत तिथंच वाढले.

तिथं आम्हाला सगळे सेट्टु म्हणायचे. सेट्टु म्हणजे शेठ, उत्तरेकडून आलेला कुठलाही व्यापारी तमिळ माणसाला सेट्टुच. आम्ही कसले शेठ, एका खोलीत भट्टी आणि मागच्या खोलीत आम्ही पाच जण, त्यात एक कामाला आलेला गावचाच मुलगा. पण शेजारची अम्मा मला सेट्टु पोण्णु म्हणायची, शेठाची पोरगी, आणि मला ते आवडायचं. मग तिसरीनंतर मला गावी आज्जीकडं ठेवलं, मराठी शाळेत घालायचं म्हणून, आणि पहिल्याच दिवशी वर्गातल्या पोरांनी माझं बोलणं ऐकून नाव पाडलं, मद्राशी. सातवीपर्यंत मी मद्राशी होते. मला पाढे मराठीतून यायचे नाहीत. अजूनही, खरं सांगते, कुठं घाबरले, डॉक्टरकडं सुई टोचताना वगैरे, तर मी मनात तमिळमध्ये मोजते. ओण्णु, रेंडु, मूणु, नालु. बोलायचं म्हणाल तर आता चार वाक्यं धड येणार नाहीत. फक्त आकडे राहिलेत.

तर सांस्कृतिक पार्श्वभूमी काय लिहू? तिकडची की इकडची?

आणि त्याच चौकोनात एक गोष्ट मी लिहिलीच नव्हती, ती मला आमच्या बॅचमधल्या एकामुळं कळली. त्यानं वर्गात वाचून दाखवलं, त्याचं पहिलंच वाक्य त्याच्या जातीबद्दल होतं, वस्ती कुठं होती, पाणी कुठून आणायचे, शाळेत कोण कुठं बसायचं. दीडशे शब्दांची मर्यादा त्यानं पाळली नाही, चार पानं झाली, मॅडमनी थांबवलं नाही. मी घरी येऊन माझा कागद बघितला. माझ्या कागदावर जात नव्हतीच. लपवली होती असं नाही, मला ती लिहायचं सुचलंच नव्हतं, आणि मराठा म्हणून वाढलेल्या माणसाला ती सुचायची गरज पडत नाही. गावात उन्हाळ्यात टँकर यायचा, तो विहिरीत ओतायचे आणि मग सगळ्या बायका पोहरे घेऊन तुटून पडायच्या. काही बायका लांब, बाभळीखाली, कळश्या घेऊन थांबलेल्या असायच्या. आमचं भरून झालं की मग त्या यायच्या. मला ते दिसायचं, रोज दिसायचं, पण त्यात काही विचारण्यासारखं आहे असं कधी वाटलं नाही. मी तेव्हा स्वतःच्या मद्राशी नावावरून रडायची आणि मला वाटायचं गावात सगळ्यात परकी मीच. आता हे मर्यादेत लिहायचं का पार्श्वभूमीत, ते अजून ठरत नाही. बहुतेक दोन्हीकडं.

मूल्यांचा चौकोन त्या मानानं सोपा गेला, म्हणजे लिहिला नाही, पण काय लिहायचं ते माहितीय. आमच्या दुकानात जे काही चमकायचं त्यातलं काहीच आमचं नव्हतं. सराफ जुनं सोनं आणून द्यायचा, आण्णा ते गाळून शुद्ध करून, टंच काढून, म्हणजे किती शुद्ध ते तपासून, परत द्यायचे, मधे जी मजुरी ती आपली. बास. त्यामुळं घरात सोन्याला सोनं म्हणायची पद्धतच नव्हती, माल म्हणायचे. ‘मालाला हात लावायचा न्हाय’ हे मी चालायला लागायच्या आधी शिकले असणार. आणि काही टाकायचं नाही. भट्टीच्या खोलीतला केर मम्मी वेगळ्या डब्यात साठवायची, हात धुतलेलं पाणी पण एका टाकीत, कारण त्या केरात न् पाण्यात सोन्याचे कण असतात, साठलं की ते जाळून गाळून काढता येतात. मी आज सांगलीत दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहते, माझ्या केरात सोनं नाही हे मला माहितीय, तरी माझ्याकडून दुधाची पिशवी टाकवत नाही. आमचे हे म्हणतात एक दिवस आपण पिशव्यांच्या खाली सापडू. म्हणू देत.

गाळायचं काम कसं चालतं हे पण सांगते कारण मला ते फार आवडतं. जुन्या दागिन्यात तांबं, चांदी असतं, ते काढायचं. पण त्यासाठी आधी सोन्यात अजून चांदी मिसळतात, साधारण एकाला तीन. लहानपणी मला हे अजिबात कळायचं नाही, शुद्ध करायचंय तर उलट भेसळ कशाला वाढवायची. सोनं जास्त असलं की तेजाब, म्हणजे ॲसिड, आतपर्यंत जात नाही, म्हणून. मग मुशीत, म्हणजे भट्टीत ठेवायच्या भांड्यात, वितळवून पाण्यात ओतायचं, दाणे होतात, ते तेजाबात तापवायचे, लालसर धूर निघतो, चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला गाळ उरतो. आणि तो गाळ म्हणजे सोनं! दिसायला अगदी चहाच्या चोथ्यासारखा, तपकिरी, कुणी सांगितलं नाही तर मोरीत ओतून टाकाल. तो धुवायचा, टाकणखार घालून परत मुशीत, मग कुठं पिवळं दिसतं. विरघळलेली चांदी पण सोडत नाहीत, त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की ती परत खाली बसते.

त्या तेजाबानं आण्णांची बोटं पिवळी झालेली असायची. कातडीवर नायट्रिक ॲसिडचा डाग पडला की धुऊन जात नाही, ती कातडी निघून गेली की मगच जातो, आणि तोपर्यंत नवा डाग. यात्रेला गावी आले की पोरं विचारायची, तुझ्या आण्णाच्या हाताला हळद लागलीय काय गं. मी हो म्हणायची. सांगली जिल्ह्यात हळदीचं कारण कुणालाही पटतं.

आता बलस्थानं. इथं मी पहिल्या दिवशीच एक ओळ लिहून टाकली होती. ‘मी कुठल्याही संकटात खचत नाही आणि कुणापुढं हात पसरत नाही.’ वाचून मला स्वतःलाच भारी वाटलं. हे कुठून आलं ते पण मला माहितीय, तारखेसकट. 14 फेब्रुवारी 1998, शनिवार. कोइम्बतूरमध्ये एका दुपारी ओळीनं बॉम्बस्फोट झाले, पन्नासच्या वर माणसं गेली. आण्णांचं दुकान टाऊन हॉलच्या बाजूला, स्फोट झाले त्याच भागात, आणि मम्मी आणि धाकटा भाऊ पण तिथंच. मी सहावीत. गावात ज्यांच्याकडं टीव्ही होता त्यांच्या दारात गर्दी, कारण आमच्या गावची आठ-दहा घरं तरी कोइम्बतूरला होती. फोन एकाच दुकानात. लागत नव्हता.

आज्जी घरी आली, सूप घेतलं आणि जोंधळं पाखडायला बसली. मी रडायला लागले तर तिनं वर पण बघितलं नाही.

‘गप. रडायचं न्हाय. लोकं बघत्यात.’

घरात कोण लोकं होती? कुणी नव्हतं. मी न् ती. ती पाखडलेलं परत पाखडत होती, खडे कधीच निघून गेले होते. मी शाळेत गेले सोमवारी. बाई म्हणाल्या घरी जा, मी म्हणाले नको. चौथ्या दिवशी फोन आला, मी पळत दुकानात गेले, आण्णा म्हणाले, ‘आमी बरं हाय. शाळा बुडवू नगंस,’ आणि ठेवला, एस्टीडीचं मीटर पळतंय म्हणून. घरी येऊन आज्जीला सांगितलं तर ती ‘हं’ म्हणाली आणि चुलीकडं गेली. तिकडं बराच वेळ होती. धूर झाला म्हणाली.

त्या चार दिवसांचं पुढं गावात फार कौतुक झालं माझं. पोरगी खमकी हाय म्हणून. मद्राशी म्हणायचं पण त्याच वर्षी बंद झालं, तर मी काय शिकले असेन ते तुम्हीच बघा.

पण ऑगस्ट 2019 मध्ये काय झालं ते पण लिहायला पाहिजे. आम्ही तेव्हा सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, भाड्यानं राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. सांगलीत पावसाळ्यात माणूस भेटला की ‘कसं काय’ नंतर विचारतो, आधी ‘आयर्विनला किती?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट. पंचेचाळीस फूट म्हणजे धोका, तरी पंचेचाळीसला कोण हलत नाही, 2005 ला त्रेपन्नच्या वर गेलं होतं तेव्हा अमुक पायरीपर्यंत आलं होतं, असा प्रत्येकाचा आपापल्या घराचा हिशेब असतो. त्या वर्षी ते सत्तावन्नच्या वर गेलं आणि सगळ्यांचे हिशेब बुडाले. आमच्या बिल्डिंगचा तळमजला पूर्ण पाण्यात. हे पुण्यात अडकलेले, घरात मी, सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. लाईट नाही, नळाला पाणी नाही. फोनची बॅटरी वाचवत वाचवत मी प्रत्येकाला सांगत होते, आम्ही बरे आहोत. आण्णांना, ह्यांना, शाळेतल्या बायकांना. आम्ही बरे आहोत, तुम्ही काळजी करू नका, ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांची एक बोट आली खाली, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. ओरडून विचारलं, वहिनी किती जण, काय पाहिजे. आणि मी खिडकीतून हात केला, पुढं जा, आमच्याकडं आहे. का? पुढं कुणीतरी जास्त गरजू असेल असं मला वाटलं, हे खरंच आहे, खोटं नाही. बोट गेली. मुलीनं विचारलं, मम्मी, आपल्याकडं कुठाय? आमच्याकडं अर्धी कळशी होती. त्यात पण खाली गाळ बसलेला. मला तिचा राग आला, तिचा! आणि मी तिला सांगितलं, असं सगळ्यांच्या पुढं मागायचं नसतं. बाहेर गच्चीवर खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, ज्यांचं सगळं घर पाण्यात गेलं होतं आणि ज्या सकाळपासून मोठ्यानं रडत होत्या, सगळ्यांना नावं ठेवत होत्या, महापालिकेला, पावसाला, नवऱ्याला. मला दोन दिवस त्यांचा वैताग आला होता. त्यांनी हे ऐकलं आणि स्वतःला मिळालेल्या दोन बाटल्यांतली एक माझ्या पोरीच्या हातात दिली आणि मला म्हणाल्या, ‘शाणपणा घाल चुलीत. पोरांची जीभ बघ जरा.’

मी थँक्यू पण म्हणाले नाही. आत जाऊन पोरांना पाणी पाजलं. हे मी आजपर्यंत ह्यांना पण सांगितलेलं नाही, इथं लिहितीय म्हणजे आज कळेलच.

तरी सुद्धा, एवढं होऊन सुद्धा, त्या कागदावर मी ती ओळ बलस्थानातच लिहिली होती. तिथून ती काढायला मला एक मुलगी भेटावी लागली. (तिच्याबद्दल जे लिहितीय त्यात ओळख पटेल असं सगळं बदललंय, तो नियम आम्हाला पहिल्या तासाला शिकवलाय.)

डिप्लोमाचं प्रात्यक्षिक म्हणून मी दर गुरुवारी एका शाळेत बसते. पोरं येतात, बोलतात, मी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, हे ऐकायला सोपं वाटतं, तुम्ही पंधरा वर्षं शिक्षिका असाल तर ते दात घट्ट आवळून करायचं काम आहे. एक मुलगी आली, आठवीतली. वडील गलाईला, लांबच्या राज्यात. वर्गात लक्ष नाही म्हणून पाठवलेली. मला आतून इतकं बरं वाटलं, म्हटलं ही आपलीच केस आहे, हिचं मला सगळं माहितीय. ती बोलता बोलता रडायला लागली आणि मी एका सेकंदात पाण्याचा ग्लास पुढं केला, खांद्यावर हात ठेवला, सगळं प्रेमानंच. ती गप झाली. मग बरी आहे म्हणाली आणि गेली. मला वाटलं छान झालं.

त्या दिवसाचं जसंच्या तसं लिहून मॅडमना द्यायचं असतं, आपण काय बोललो, ती काय बोलली. मी दिलं. रविवारी कागद परत आला तर त्यात बाकी कुठंही शेरा नव्हता, फक्त एका शब्दाखाली लाल पेनानं रेघ. मी तिला म्हणालेलं वाक्य होतं, ‘रडू नको बाळा, यात्रेला येतील की आण्णा.’ रेघ आण्णा या शब्दाखाली. बाजूला लिहिलं होतं, हे कोण?

ती मुलगी तिच्या वडलांना पप्पा म्हणते. अर्धा तास ती माझ्यासमोर पप्पा, पप्पा म्हणत होती.

मला तिथं वर्गात बसून इतकं लाजल्यासारखं झालं की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. म्हणजे त्या पोरीचं मी काही ऐकलंच नव्हतं. मी सूप घेऊन जोंधळं पाखडत बसले होते. गप, रडायचं न्हाय, फक्त शब्द जरा गोड, आणि हातात पाण्याचा ग्लास. मॅडम काही बोलल्या नाहीत, मी पण विचारलं नाही, अर्थातच विचारलं नाही, मी कुठं कुणाला काय विचारते.

गेल्या आठवड्यात गावी गेले होते. आण्णा आता गावीच असतात, दुकान चुलतभाऊ बघतो. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो त्यांना, एवढी वर्षं तो धूर छातीत गेलाय. गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूला गलाईवाल्यांचे बंगले, दोन-दोन मजली, ग्रॅनाईट, आणि वर्षाचे अकरा महिने कुलूप. आमचं त्यातलंच एक, फक्त कुलूप नाही आणि ग्रॅनाईट पण नाही. मी चहा देताना त्यांना कागदाचं सांगितलं आणि माझ्या डोक्यात एक वाक्य फार दिवस घोळत होतं ते पण टाकून बघितलं, म्हटलं आण्णा, शुद्ध सोन्याचा दागिना होत नाही ना, मऊ पडतं, थोडी खोट लागतेच, तसंच माणसाचं पण असणार. मला वाटलं खूश होतील. त्यांनी बशीतला चहा संपवला.

‘आमी खोट काढायचो,’ म्हणाले. ‘घालणारा दुसरा असायचा. त्याला इचार.’

मग जरा वेळानं म्हणाले, तुझी आज्जी त्या बॉम्बच्या येळला चार दिवस जेवली न्हवती, म्हायतीय का तुला. मला माहिती नव्हतं. मी त्याच घरात होते, तिच्या शेजारी बसून जेवत होते, ती वाढत होती, आणि मला माहिती नव्हतं. त्यांना कुणी सांगितलं विचारलं तर म्हणाले, तिनंच, मरायच्या आधी, दवाखान्यात. वीस वर्षांनी.

ह्या गुरुवारी ती मुलगी परत आली. मला वाटलं नव्हतं येईल. बसली, दप्तराच्या चेनशी खेळत होती, मग डोळे भरले. माझा हात ग्लासाकडं निघालेला मी मांडीखाली घातला, खरंच मांडीखाली, शाळेतल्या पोरासारखा. तोंड गप ठेवायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून मोजायला लागले. ओण्णु, रेंडु, मूणु. ती रडत होती, बाहेर खोखोची शिट्टी वाजत होती, पत्तु झालं, इरुबदु झालं, एवढा वेळ कुणी समोर रडत असताना मी कधी नुसती बसलेली नाही, पोटात कालवत होतं. इरुबत्ति मूणुला तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली,

‘मॅडम, पप्पांचा आवाज फोनवर वेगळाच येतो.’

म्हटलं, कसा येतो?